जंत आणि औषध : एका शर्यतीचा इतिहास

मृगाच्या सरी कोसळल्या की तोंडवलीसारख्या गावात कोवळे गवत वर येते. शेळ्या हरखतात, पण त्याच ओल्या पात्यांवर जंतांच्या अळ्याही चढलेल्या असतात. त्यांतला ‘हिमोंकस’ हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो. पापण्या पांढऱ्या पडतात, जबड्याखाली सूज येते, आणि एके दिवशी ही गरिबाची गाय आडवी होते.

या जंतावर माणसाने जय मिळवला, असे अनेकदा वाटले. १९४०च्या सुमारास फेनोथायझिन आले. १९५७ साली अमेरिकेत जंत त्याला दाद देईनासे झाले. १९६१ साली थायाबेंडाझोल आले; तीनच वर्षांत तेही लटके पडू लागले. आपल्या देशातही १९७६ साली मेंढ्यांत अशी नोंद झाली. पुढे १९८१ साली आयव्हरमेक्टिन आले. त्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले. पण त्यालाही न जुमानणारे जंत केव्हाच निपजले होते!

असे का व्हावे? औषधातून जे थोडे चिवट जंत वाचतात, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. शेळीचे शरीर मेंढीपेक्षा औषध लवकर बाहेर टाकते. म्हणून मेंढीची मात्रा तिला पुष्कळदा पुरत नाही.

तेव्हा मंडळी, अंदाजाने औषध पाजू नका. शेळीचे वजन करा, मात्रा डॉक्टरांना विचारा. दक्षिण आफ्रिकेतले मेंढपाळ खालची पापणी ओढून रंग पाहतात : फिकी दिसेल तिलाच औषध, लाल असेल तिला नाही. गुरुजींनी ही रीत मुलांना दाखवावी. नवे औषध केव्हा येईल, ते आपल्या हाती नाही. आहे ते टिकवणे मात्र आहे.