वस्तरा, निसणा आणि एक संप



आमच्या लहानपणीं, म्हणजे १९६५-७० च्या सुमारास, मुलुंडच्या आमच्या चाळींत दर रविवारीं सकाळीं एक वृद्ध नाभिक काखेंत धोकटी मारून येत असत. ओट्यावर बसल्यावर ते निसण्यावर पाणी शिंपडीत. परंतु लागलीच वस्तरा उचलीत नसत. त्याच जातीच्या दगडाचा एक लहान तुकडा घेऊन ते तो निसण्यावर चंदनासारखा फिरवीत. पांढुरका उगाळ उठला म्हणजे मग वस्तरा हातीं घेत. दगडानें दगड झिजवून काय साधतें, हें कोडें आम्हां मुलांस पडे.

त्याचा उलगडा असा. उगाळांतील सुटे कण पोलाद झपाट्यानें कापतात. नुसत्या पाण्यावर जें काम फार वेळ घेईल, तें थोड्या फेऱ्यांत होतें. मात्र तेच कण धारेच्या टोंकावर आपटून तिला किंचित् बोथटहि करितात. म्हणून कारागीर थेंबथेंब पाणी घालून उगाळ पातळ करीत जातो, शेवटच्या फेऱ्या स्वच्छ पाण्यावर देतो आणि मग चामड्याच्या पट्ट्याकडे वळतो. बेल्जममधील आर्देन डोंगराच्या पिवळसर दगडांत तामडीचे अतिसूक्ष्म कण असतात. त्या दगडावर, तसेंच क्योतोजवळच्या खाणींतील दगडांवर, हीच रीत चालत आली आहे.

इतक्या निगुतीनें लावलेली धार कोणत्या कामीं यावी, हा प्रश्न या मुंबईंत एकदां खुद्द नाभिकांनींच विचारला. त्या काळीं ब्राह्मणादि उच्चवर्णीय घरांत पति वारला कीं स्त्रीचें केशवपन होई, आणि तें एकदां करून भागत नसे. केस वाढले कीं नाभिकास पुन्हां बोलावणें जाई. ज्योतिराव फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें; पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. सुधारक घरच्या मंडळींची मनें वळवूं पाहत होते. फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक व गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं दुसरी वाट धरिली. वपन सांगणारा कोणीहि असो, वस्तरा धरणारा हात नाभिकाचा आहे, हें त्यांनीं ओळखलें. त्यांच्या प्रेरणेनें १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून विधवांच्या मस्तकास वस्तरा न लावण्याचा निश्चय केला.

हा संप मजुरी वाढावी म्हणून नव्हता. उलट मिळती मजुरी सोडण्याचा होता. त्यानें ती रूढि एका दिवसांत मोडली नाहीं. पुढेंहि कित्येक वर्षें ती चालू राहिली. परंतु ज्यांस समाज खालच्या पायरीवर बसवीत होता, त्यांनीं वरच्या पायरीवरील स्त्रियांचें दुःख आपलें मानिलें, हें विसरण्याजोगें नाहीं.

पुढें अमेरिकेंत जिलेट यांनीं पातें बदलावयाचा वस्तरा काढला. १९०४ सालीं त्याचें पेटंट त्यांस मिळालें. आज घाटकोपर-अंधेरीच्या दुकानांत गिऱ्हाइकागणिक नवें अर्धें पातें वस्तऱ्यांत बसवितात. आरोग्याच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. निसणा मात्र धोकटींतून गेला.

त्या वृद्ध गृहस्थांस मीं एकदां विचारलें होतें, “काका, धार झाली हें कसें कळतें?” ते म्हणाले, “हात सांगतो, बाळ.” कोठें थांबावें, हेंहि हातच सांगतो, १८९० सालीं त्यानें तें सांगितलें होतें.