जपानमधून पार्थिव स्वदेशी आणणे

जपानमध्ये मरण पावलेल्या भारतीय व्यक्तीचे पार्थिव किंवा अस्थी आवश्यक परवानग्या घेऊन भारतातील नातलगांपर्यंत पोहोचवण्याची प्रक्रिया. नोकरी-शिक्षणानिमित्त तोक्यो, योकोहामा, ओसाका येथे राहणाऱ्या कुटुंबांवर असा प्रसंग ओढवला, तर देह आणायचा की तिथेच दहन करून अस्थी आणायच्या, हे आधी ठरवावे लागते. जपानमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मृतांचे दहन होते. त्यामुळे दहनाची सोय सहज मिळते. देह परदेशी पाठवण्याचे काम मात्र मोजक्याच अंत्यविधी संस्था करतात.

मृत्यूची नोंद : सगळी प्रक्रिया एका मोठ्या कागदापासून सुरू होते. त्याच्या उजव्या भागावर डॉक्टरांचे मृत्यू प्रमाणपत्र असते आणि डाव्या भागावर नातलगाने वा अन्य पात्र व्यक्तीने भरायची मृत्यूची सूचना (शिबो तोदोके). मृत्यू कळल्यापासून सात दिवसांत हा कागद नगर किंवा प्रभाग कार्यालयात द्यावा लागतो. जपानमध्ये मरण पावलेल्या परदेशी नागरिकांनाही हा नियम लागू आहे. मूळ कागद कार्यालयातच राहतो, म्हणून त्याच्या प्रती आधी काढून ठेवाव्या लागतात. मृत्यू अपघाती वा आकस्मिक असेल तर पोलीस तपासणी होते आणि डॉक्टर शवतपासणीचे वेगळे प्रमाणपत्र देतात. अशा वेळी देह ताब्यात मिळायला अधिक दिवस लागू शकतात. मृताचे निवासी कार्ड चौदा दिवसांत परत करायचे असते.

कागदपत्रांच्या इंग्रजी भाषांतरात विशेष काळजी घ्यावी लागते. जपानी कागदांवर परदेशी नाव काताकाना लिपीत येते आणि तारीख अनेकदा जपानी कालगणनेत असते. २०२४ साल तिथे ‘रेइवा ६’ असे लिहिले जाते. भाषांतरात नाव पासपोर्टमधल्या स्पेलिंगप्रमाणे आणि तारीख इसवी सनात हवी. एका अक्षराचा फरकही पुढे विमा, बँक खाते आणि वारसा यांच्या कामात अडथळा ठरू शकतो.

देह पाठवणे : विमानप्रवासासाठी देहावर शवलेपन (एम्बाल्मिंग) करतात. तो जस्ताचे अस्तर लावलेल्या पेटीत ठेवून पेटी हवाबंद केली जाते. शवलेपनाचे व पेटीबंद केल्याचे प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, नातलगांचे संमतिपत्र आणि मृताचा पासपोर्ट ही कागदपत्रे तोक्योतील भारतीय दूतावासात किंवा ओसाकातील वाणिज्य दूतावासात सादर करावी लागतात. तिथे पासपोर्ट रद्द होतो, ना हरकत प्रमाणपत्र मिळते आणि मृत्यूची नोंदही करता येते.

पेटी प्रवाशांच्या सामानातून जात नाही, ती कार्गोने येते. भारतात विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. तिचा आधार १९५४ चे भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम आहेत. या परवानगीचे काम लवकर व्हावे म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘ई-केअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. मुंबईत पेटी सहारच्या कार्गो संकुलातून मिळते. सीमाशुल्काचे काम उरकेपर्यंत नातलगांना तिथेच थांबावे लागते, म्हणून एका जाणत्या माणसाने कागदपत्रांच्या प्रतींसह आधीच तिथे पोहोचलेले बरे.

खर्च बहुधा विमा कंपनी, नोकरी देणारी संस्था किंवा कुटुंब उचलते. गरजू कुटुंबांना २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून दूतावासामार्फत मदत मिळू शकते. मुस्लिम आणि दफन करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी देह मायदेशी आणणे अनेकदा अपरिहार्य ठरते, कारण दफनाला परवानगी असलेल्या जागा जपानमध्ये फार थोड्या आहेत.

दहन व अस्थी : १९४८ च्या कायद्यानुसार मृत्यूनंतर चोवीस तासांच्या आत दहन करता येत नाही. दहनासाठी नगर कार्यालयाचा परवाना लागतो. अनेक स्मशानगृहे ‘तोमोबिकी’ या दिवशी बंद असतात. त्या दिवशीचा अंत्यविधी जवळच्या माणसांनाही ओढून नेतो, अशी समजूत आहे. आपल्याकडील पंचकाच्या समजुतीशी तिचे नाते सहज लक्षात येते.

दहनानंतर त्याच दिवशी कुटुंबीय ‘कोत्सुआगे’ करतात. दोघे जण मिळून लांब चॉपस्टिकने एकेक अस्थी उचलून कलशात ठेवतात. पायाकडून सुरुवात होते आणि मानेतला ‘नोदोबोतोके’ नावाचा मणका शेवटी ठेवतात. त्याचा आकार ध्यानस्थ बुद्धासारखा मानला जातो. जेवताना एका चॉपस्टिकमधून दुसरीत घास देणे जपानमध्ये अशुभ मानतात, ते अस्थी उचलण्याच्या या रीतीमुळेच. मराठी घरांतील अस्थी सावडण्याचा विधी बहुधा तिसऱ्या दिवशी होतो. जपानमध्ये तो काही तासांतच उरकतो. पूर्व जपानमध्ये बहुतेक सर्व अस्थी घेतात, तर ओसाकाच्या बाजूला निवडक घेतात. भारतात सर्व अस्थी न्यायच्या असतील तर हे स्मशानगृहात आधी सांगावे लागते.

मृत्यूचा दाखला, दहन प्रमाणपत्र आणि दूतावासाचे पत्र बरोबर असेल तर विमान कंपनीच्या नियमांनुसार अस्थिकलश हातातल्या सामानातून आणता येतो. गावी आल्यावर नाशिकच्या रामकुंडात किंवा कुटुंबाच्या प्रथेप्रमाणे अन्यत्र विसर्जन होते. देह किंवा अस्थी मिळण्याची शक्यताच नसेल, तर धर्मशास्त्रात पालाशविधीची (पळसाच्या पानांच्या प्रतिमेचे दहन) तरतूद आहे.

रेंकोजी येथील अस्थी : जपानमध्ये राहिलेल्या भारतीय अस्थींचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तोक्योच्या सुगिनामी भागातील रेंकोजी मंदिरात आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थी सप्टेंबर १९४५ पासून तिथे जपलेल्या आहेत. १८ ऑगस्ट १९४५ च्या विमान अपघातात नेताजींचा मृत्यू झाला, हे भारत सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या शाहनवाज समिती व खोसला आयोग यांनी मान्य केले, तर मुखर्जी आयोगाने ते अमान्य केले. सरकारने मुखर्जी आयोगाचा निष्कर्ष स्वीकारला नाही. अस्थी भारतात आणाव्यात, अशी नेताजींच्या कन्या अनिता बोस फाफ यांची जाहीर मागणी आहे.