उन्हाळ्यात लेकरांना पाण्यात खेळवताना: नांदेड-लातूरकरांसाठी

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४४ अंशांवर जातो. लातूर बालाघाटच्या पठारावर असल्याने तिथे एखाद-दोन अंश कमी असतात, पण दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही ते दोन्हीकडे सारखंच. घरातली लहान लेकरं मात्र चार भिंतींत थांबायला तयार नसतात. अंगणात टब ठेवून पाण्यात बसवणं हा त्यावरचा जुना उपाय. प्रश्न एवढाच की पाणी आणायचं कुठून?

हा प्रश्न लातूरकरांना वेगळा सांगावा लागत नाही. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागू झाली होती. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिल्यांदा आली, ती साधारण ५ लाख लिटर पाणी घेऊन. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे त्या पहिल्या खेपेतून माणशी दीड लिटरही पाणी आलं नाही. असा उन्हाळा पाहिलेल्या गावात नळी लावून लेकरांना भिजवणं कुणालाही खटकेल, आणि खटकायलाच हवं.

पण गार राहायला फार पाणी लागतच नाही. त्यातही आपल्याकडे कमीच लागतं.

थोडं पाणी का पुरतं?

अंगावर ओतलेलं पाणी गारवा देतं त्यापेक्षा अंगावरून उडून जाणारं पाणी कितीतरी जास्त देतं. एक लिटर पाणी १० अंशांनी तापताना सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता शोषतं. तेच पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २४०० किलोज्यूल घेतं. ही सगळी उष्णता शरीरातूनच जाते असं नाही, थोडी हवेतूनही जाते, पण फरक केवढा आहे ते पाहा. मराठवाड्याची एप्रिल-मेमधली हवा कोरडी असते, त्यामुळे ओलं कापड बघता बघता वाळतं. इथे कूलर चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत तो फारसा उपयोगी पडत नाही, त्याचंही कारण हेच.

तेव्हा ओला सुती सदरा, सावली आणि वाहती हवा एवढं असलं की काम होतं. सदरा वाळला की पुन्हा एक मग पाणी. नुसत्या पंख्यावर मात्र विसंबू नका. हवा ४० अंशांच्या पुढे गेली की कोरड्या अंगाला पंखा गरम वाराच मारतो.

बाजारात मिळणाऱ्या हवेच्या टबाचा हिशोबही करून बघा. चार फूट रुंदीच्या गोल टबात अर्धा फूट पाणी भरायचं तर साधारण १७५ लिटर लागतात, म्हणजे जवळपास एक ड्रम. त्याऐवजी घमेलं किंवा मोठी परात घ्या, बादलीभर पाणी, दोन-तीन वाट्या, एक गाळणी आणि भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बाटली द्या. दोन-तीन वर्षांचं लेकरू त्यात तासभर रमतं. परात कडुलिंबाखाली ठेवली की खेळ संपल्यावर पाणी झाडालाच जातं, फक्त त्यात साबण नको. पाणी स्वच्छच घ्या. लेकरं खेळता खेळता ते पितातच, आणि उन्हाळ्यातली हगवण उन्हाइतकीच वाईट.

वेळ सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची. उन्हात पडलेल्या नळीतलं आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघा, पहिलं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असू शकतं. तापलेल्या शहाबादी फरशीवर गोणपाट भिजवून अंथरा.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ पाण्यात बसवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. त्याला वरचं पाणीही पाजू नका. कितीही ऊन असलं तरी आईचं दूध पुरतं, फक्त जास्त वेळा पाजावं लागतं.

धोका परातीत नाही, ड्रममध्ये आहे

नळ काही दिवसांआड येतो तिथे घरोघरी हौद, ड्रम, बादल्या भरून ठेवलेल्या असतात. पाण्याची गोडी लागलेलं लेकरू खेळ संपल्यावर तिकडेच वळतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते वाकून बघताना तोंडावर आत पडतं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. काही इंच पाणीही बुडायला पुरेसं असतं. ओरडण्याचा, धडपडण्याचा आवाज येईल या भरवशावर राहू नका, बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. ड्रमचं झाकण घट्ट बांधा, जवळ स्टूल किंवा पालथी बादली ठेवू नका. खेळताना एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि ते माणूस म्हणजे आठ वर्षांची ताई नव्हे. फोन आला तर लेकरू कडेवर घेऊनच आत जा.

दुसरा धोका कूलरचा. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवरून लेकरू लोखंडी कूलरला हात लावतं आणि वायर उघडी असेल किंवा अर्थिंग नसेल तर जिवावर बेततं. खेळाची जागा कूलरपासून लांब ठेवा. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डासही वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून भांडी आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. खेळाचं पाणी त्याच दिवशी ओतून द्यायचं.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं?

लेकरू मलूल पडलं, तोंड कोरडं झालं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, सहा तासांत लघवी झाली नाही, तर शरीरातलं पाणी कमी झालंय. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो.

अंग भट्टीसारखं तापलंय आणि लेकरू गुंगीत आहे, असंबद्ध बोलतंय किंवा झटके येतायत, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत घ्या, कपडे काढा, सगळं अंग पाण्याने भिजवून जोराने वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तापाचं औषधही देऊ नका, या तापावर ते चालत नाही. अशा वेळी मात्र पाण्याचा हिशोब करायचा नाही, हौदातलं असेल तेवढं वापरा.