लेक डिस्ट्रिक्टमधील कौटुंबिक पदभ्रमण

लेक डिस्ट्रिक्ट हा इंग्लंडच्या वायव्य भागातील कंब्रिया परगण्यात असलेला सरोवरे, माळ आणि अरण्ये यांचा डोंगराळ प्रदेश आहे. १९५१ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला व २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सांस्कृतिक भूदृश्य म्हणून त्याचा समावेश झाला. सुमारे २,३६२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान होय. हा प्रदेश गिर्यारोहकांइतकाच लहान मुले, वृद्ध व अपंग व्यक्ती यांना सोबत घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांमध्येही लोकप्रिय आहे. सर्वांना चालता येईल अशा वाटा येथे आपोआप उपलब्ध झालेल्या नाहीत. वहिवाटीच्या हक्कासाठी झालेला संघर्ष, जमिनींची लोकवर्गणीतून झालेली खरेदी आणि वाटांची सततची डागडुजी यांतून त्या घडल्या आहेत.

भूप्रदेश

हिमनद्यांनी कोरलेल्या लांबट दऱ्यांत पाणी साठून येथील सरोवरे बनली. त्यांपैकी विंडरमिअर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असून वास्टवॉटर हे सर्वांत खोल आहे. इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक (९७८ मीटर) याच प्रदेशात आहे. सरोवरांच्या काठच्या वाटा बहुधा सपाट असतात. त्यामुळे उंच शिखरांच्या सान्निध्यात राहूनही फारशी चढण न चढता फिरता येते.

दऱ्यांच्या वर उघडे माळ पसरलेले आहेत. त्यांवर हेदरची झुडपे, ब्रॅकन नावाचे नेचे आणि राठ गवत वाढते. हे माळ दिसायला आदिम वाटले, तरी त्यांना आजचे रूप येण्यामागे पूर्वीची वृक्षतोड आणि शतकानुशतकांची मेंढ्यांची चराई ही मोठी कारणे आहेत. हर्डविक ही काटक स्थानिक मेंढी अजूनही सामाईक कुरणांत चरते. अनेक ठिकाणी जमिनीत कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर असतात. हे थर पाणी धरून ठेवतात, त्यामुळे वाट सोडून चालणाऱ्याचा पाय घोट्यापर्यंत रुतू शकतो.

ग्रायझडेल आणि व्हिनलॅटर ही येथील प्रमुख लागवडीची अरण्ये आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूचिपर्णी वृक्षांच्या विस्तृत लागवडीला विरोध झाला आणि १९३६ मध्ये वनविभागाने प्रदेशाच्या मध्यवर्ती भागात लागवड न करण्याचे मान्य केले. हा भाग आज मोकळा दिसतो, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

स्थलनामे

येथील अनेक नावे प्राचीन नॉर्स भाषेतून आली आहेत. ‘फेल’ म्हणजे डोंगर, ‘टार्न’ म्हणजे लहान डोंगरी तळे, ‘बेक’ म्हणजे ओढा, ‘फोर्स’ म्हणजे धबधबा आणि ‘थ्वेट’ म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जमीन. सरोवरांच्या नावांत बहुधा ‘मिअर’ किंवा ‘वॉटर’ हे शब्द येतात. प्रमुख सरोवरांपैकी केवळ बासेनथ्वेटच्या अधिकृत नावात ‘लेक’ हा शब्द आहे. हे शब्द माहीत असल्यास नकाशावरील नावावरूनच पुढील वाटेचा अंदाज बांधता येतो.

वाटांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात येथील काही जमीनमालकांनी पूर्वापार वापरातील वाटा अडवल्या. केझिक गावाजवळील लॅट्रिग या टेकडीवरील वाट अशीच बंद करण्यात आली. १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार लोक अडथळे दूर करून या टेकडीवर चढून गेले. मार्गदर्शक पुस्तकांचे लेखक हेन्री जेंकिन्सन हे या चळवळीच्या नेत्यांपैकी एक होते. पुढील वर्षी कार्लाइल येथील न्यायालयात हा वाद गेला आणि तडजोड होऊन माथ्याकडे जाणारी वाट लोकांसाठी खुली राहिली.

केझिकच्या पदपथ संरक्षण मंडळाशी संबंधित असलेले धर्मगुरू हार्डविक रॉन्सली यांनी १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. डर्वेंटवॉटर सरोवराच्या काठचे ब्रँडलहाऊ हे वनक्षेत्र या संस्थेने लोकवर्गणीतून विकत घेतले आणि १९०२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बालसाहित्यिका बिॲट्रिक्स पॉटर यांनी १९३० मध्ये मंक कॉनिस्टन ही मालमत्ता घेऊन तिचा निम्मा भाग, टार्न हाउजसह, याच संस्थेला विकला.

श्रमिकांच्या पदभ्रमणाचा पाया टी. ए. लेनर्ड यांनी घातला. १८९१ मध्ये त्यांनी लँकाशायरमधील कोलन या गिरणीगावातील तरुणांना सुटीसाठी अँबलसाइड येथे आणले. कॅटबेल्स डोंगरावर त्यांचा स्मृतिफलक आहे. पुढे १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची तरतूद केली, तर २००० च्या कायद्याने नकाशावर दर्शविलेल्या मोकळ्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क दिला.

अडथळाविरहित वाटा

येथील शेतांच्या सीमेवर चुना-मातीविना रचलेले दगडी गडगे असतात. ते ओलांडण्यासाठी जागोजागी उभ्या पायऱ्या बसवलेल्या असतात. बाबागाडी किंवा चाकांची खुर्ची त्यांवरून नेता येत नाही. म्हणून राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने अशा पायऱ्या नसलेल्या पन्नासाहून अधिक वाटा निश्चित केल्या आहेत. उतार व पृष्ठभाग यांनुसार त्यांची ‘सर्वांसाठी’, ‘अनेकांसाठी’ आणि ‘काहींसाठी’ अशी वर्गवारी केलेली असते. १८८७ मध्ये ज्या लॅट्रिगसाठी लोक रस्त्यावर उतरले, त्याच्या माथ्यावर (३६८ मीटर) मागील बाजूच्या वाहनतळापासून आज बाबागाडी नेता येते.

प्रमुख कौटुंबिक वाटा

• टार्न हाउज : सुमारे ३ किलोमीटरची फेरी. एकोणिसाव्या शतकात बांध घालून लहान तळ्यांचे एक तळे करण्यात आले. वाट रुंद असून भोवती झाडी आहे. अगदी लहान मुलांसाठी योग्य.

• फ्रायर्स क्रॅग : केझिकच्या धक्क्यापासून डर्वेंटवॉटरच्या काठाने जाणारी छोटी सपाट वाट. येथे कलासमीक्षक जॉन रस्किन यांचे स्मारक आहे. सरोवरात फिरणाऱ्या प्रवासी बोटी ठिकठिकाणी थांबत असल्याने एका दिशेने चालून परतीचा प्रवास बोटीने करता येतो.

• केझिक ते थर्लकेल्ड : सुमारे ५ किलोमीटर. १९७२ मध्ये बंद झालेल्या लोहमार्गावरील वाट. डिसेंबर २०१५ च्या ‘डेझमंड’ वादळातील पुराने येथील पूल वाहून गेले. दुरुस्तीनंतर डिसेंबर २०२० मध्ये ती पुन्हा खुली झाली.

• बटरमिअर : सरोवराभोवती सुमारे ७ किलोमीटरची फेरी. बहुतांश सपाट असली तरी काही भाग खडकाळ आहे. काठावर खडकातून खोदलेला एक लहान बोगदा असून तो मुलांना विशेष आवडतो.

• अल्सवॉटर : बोटीने हाउटाउनपर्यंत जाऊन काठाने ग्लेनरिडिंगला परतण्याची वाट सुमारे १० ते ११ किलोमीटरची आहे, ती मोठ्या मुलांना झेपते. एप्रिल १८०२ मध्ये विल्यम वर्ड्‌स्वर्थ व त्यांची बहीण डोरोथी यांनी याच सरोवराच्या दुसऱ्या काठावर डॅफोडिल फुलांचे ताटवे पाहिले. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांमुळे भारतातही परिचित झालेली ‘डॅफोडिल्स’ ही कविता या अनुभवावर आधारलेली आहे.

• ग्रायझडेल : अरण्यातील आखलेल्या वाटा. १९७७ पासून येथे झाडीत शिल्पे उभारली जात असून ती शोधत चालणे हे मुलांसाठी मोठे आकर्षण असते.

• कॅटबेल्स : उंची ४५१ मीटर. ‘मुलांचा पहिला डोंगर’ अशी याची ख्याती आहे. मात्र माथ्याजवळ हातांचा आधार घेऊन खडक चढावे लागतात आणि पावसात ते निसरडे होतात. चालण्याचा सराव असलेल्या मुलांनाच, कोरड्या हवेत, येथे न्यावे.

वेळेचा अंदाज आणि तयारी

चालण्याच्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम प्रचलित आहे. त्यानुसार सुमारे ५ किलोमीटर अंतरास एक तास आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास धरतात. हा हिशेब सुदृढ प्रौढांचा आहे. लहान मुलांसह दुप्पट वेळ धरणे सोयीचे ठरते. म्हणजे बटरमिअरच्या फेरीसाठी सुमारे तीन तास. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

हा इंग्लंडमधील अतिपर्जन्याचा प्रदेश आहे. बॉरोडेल खोऱ्यातील सीथ्वेट येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बाराही महिने पडतो. सह्याद्रीतील पावसाची सवय असलेल्यांनाही येथील पाऊस वेगळा जाणवतो. कारण त्याच्या जोडीला थंड वारा असतो आणि भिजलेल्या मुलाच्या अंगातील ऊब झपाट्याने कमी होते. म्हणून पाणी न शिरणारे जाकीट, लोकरीचे जादा कपडे, टोपी, पकड असलेले बूट, खाऊ, विजेरी, शिट्टी आणि कागदी नकाशा सोबत असणे आवश्यक मानले जाते. दऱ्यांमध्ये भ्रमणध्वनीचे जाळे अनेकदा मिळत नाही.

धोके आणि मदत

ब्रॅकनच्या दाटीत गोचिडी असतात व त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. फेरीनंतर मुलांचे हातपाय व मान तपासावी. सरोवरांचे पाणी उन्हाळ्यातही थंड असते आणि काठ काही ठिकाणी एकदम खोल होतो. उन्हाळ्यात काही सरोवरांत विषारी नील-हरित शैवाल वाढते, तेव्हा सूचनाफलक पाहूनच पाण्यात उतरावे.

डोंगरात संकट ओढवल्यास ९९९ या क्रमांकावर आधी पोलीस व मग ‘माउंटन रेस्क्यू’ची मागणी करतात. दूरध्वनी लागत नसल्यास मिनिटाला सहा शिट्ट्या, एक मिनिट विराम आणि पुन्हा सहा शिट्ट्या हा संकेत आहे. बचाव पथकांतील सदस्य स्वयंसेवक असतात.

आचारनियम

फाटक जसे असेल तसेच सोडावे, गडग्यांवर चढू नये, कचरा परत न्यावा आणि शेकोटी पेटवू नये, असे नियम आहेत. मोकळ्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्र्याला आखूड दोरीने बांधून ठेवणे बंधनकारक असते. या काळात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि कोकरे यांना धोका असतो.

झीज आणि मतभेद

पर्यटकांच्या वर्दळीने डोंगरवाटा झिजतात. पावलांनी गवत नाहीसे होते, पावसाचे पाणी त्या चाकोरीतून वाहते आणि वाटेची घळ बनते. ‘फिक्स द फेल्स’ या उपक्रमात कर्मचारी व स्वयंसेवक मोठे दगड जमिनीत बसवून अशा वाटा दुरुस्त करतात आणि पाण्यासाठी चर काढतात.

वाटा किती सुलभ कराव्यात, याबद्दल मात्र एकमत नाही. केझिक–थर्लकेल्ड वाटेवर डांबरीकरण करण्यास काही रहिवासी व निसर्गप्रेमींनी विरोध केला. त्यामुळे वाटेचे ग्रामीण रूप नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांना खडीच्या वाटेवरून जाता येत नाही, असे समर्थकांचे म्हणणे होते. अखेर डांबरी पृष्ठभाग करण्यात आला. वाट खुली असावी की नाही हा १८८७ मधील प्रश्न होता. ती कोणाकोणाला चालता यावी, हा आजच्या चर्चेचा विषय आहे.