रेवालसर : आख्यायिकेचे सरोवर

हिमाचल प्रदेशातील मंडीजवळ, सुमारे १३६० मीटर उंचीवर रेवालसर हे लहानसे सरोवर आहे. तिबेटी बौद्ध त्यास 'त्सो पेमा', म्हणजे कमल-सरोवर म्हणतात. जाहोरची राजकन्या मंदारवा हिला धर्म शिकविल्याबद्दल राजाने आचार्य पद्मसंभवांना चितेवर घातले. चितेचेच सरोवर झाले आणि आचार्य कमळावर बसलेले दिसले, अशी कथा आहे.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे महावंसाचा बारावा परिच्छेद आठवतो. तेथे मज्झन्तिक थेर काश्मीर-गंधारातील सरोवरावर अरवाल नागराजाचे दमन करतात. तेथे नाग नमतो, येथे राजा. कन्येने ज्ञान घेतले म्हणून गुरूला जाळावयास निघालेली राजसत्ता हेच मला या कथेचे मर्म वाटते. चमत्कार हा केवळ तिचा पेहराव.

याच काठावर हिंदू लोमश ऋषींना वंदन करतात, तर शीख गुरू गोविंदसिंगांच्या भेटीचे स्मरण करतात. तरंगणारी लव्हाळ्याची बेटे तर सर्वांनाच पूज्य! २०१२ साली दलाई लामांच्या उपस्थितीत येथील पद्मसंभवांच्या भव्य मूर्तीचे उद्घाटन झाले.

परंतु जाहोर म्हणजे मंडीच, असे इतिहासाच्या आधारे म्हणता येत नाही. तिबेटी परंपरा अतिश दीपंकरांचे राजकुलही जाहोरचेच सांगते, आणि ते तर बंगालचे. कथा आधीची असावी. तिला हे सरोवर मागाहून लाभले असावे.