शिरूर व दौंड तालुक्यांतील ग्रामसभा

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत क्षेत्रातील मतदारयादीत नोंद असलेल्या सर्व व्यक्तींची सभा होय. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांच्या गावांत ती स्थानिक कारभारातील थेट लोकसहभागाचे प्रमुख वैधानिक माध्यम आहे.

कायदेशीर आधार

२४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात तिचे कामकाज १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालते. वित्तीय वर्षात किमान चार सभा बंधनकारक असून नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेतली जाते.

गणपूर्ती

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती आवश्यक असते. ६०० मतदारांच्या गावात ही संख्या ९० होते, तर ५,००० मतदारांच्या गावात १००, म्हणजे केवळ २ टक्के. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस ही अटही लागू नसते. त्यामुळे मोजक्या उपस्थितांचा ठराव संपूर्ण गावाचा ठरू शकतो.

मर्यादा

रांजणगाव गणपती (शिरूर) व कुरकुंभ (दौंड) येथे औद्योगिक क्षेत्रे आहेत. तेथे वास्तव्यास आलेल्या ज्या कामगारांची नावे गावाच्या मतदारयादीत नाहीत, ते पाणी व कचऱ्याच्या प्रश्नांनी बाधित असूनही ग्रामसभेचे सदस्य नसतात. शिरूर व दौंड शहरांत नगरपरिषदा असल्याने तेथे ग्रामसभा नसते. नागरिकांचे प्रतिनिधित्व निवडून आलेले नगरसेवक करतात.

हेही पहा

पंचायती राज, पंचायत समिती, राळेगणसिद्धी, हिवरे बाजार