चावीच्या घड्याळांचा पुनर्जन्म

जपानच्या सेइको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. अधिक अचूक असलेली ही घड्याळे पुढे स्वस्तही झाली आणि चावीच्या घड्याळांचा व्यवसाय कोसळला. स्वित्झर्लंडमधील सुमारे ९० हजार कामगारांपैकी दीड दशकात जेमतेम एक तृतीयांश उरले. झेनिथ कंपनीत यांत्रिक निर्मिती थांबविण्याचा आदेश निघाला, तेव्हा चार्ल्स व्हर्मो या कारागिराने अवजारे व आराखडे माळ्यावर दडवून ठेवले. त्यांच्याच आधारे १९८० च्या दशकात उत्पादन पुन्हा सुरू झाले. उंची कंपन्यांनी अचूकतेऐवजी कारागिरी विकली आणि त्या तगल्या. सर्वसामान्यांच्या ‘एचएमटी’ला मात्र हा मार्ग नव्हता, २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली.